निऑनमधली हवा

धाकटीचं लग्न झालं आणि आमच्या बाबांना मुलगा झाला.

आम्ही दुकानांच्या रंगीत पाट्या करतो. बाबा काचेची नळी जाळावर मऊ करून वळवतात आणि ती चेपू नये म्हणून तोंडात धरलेल्या रबरी नळीतून आत बेताने फुंकत राहतात. पुढचं काम माझं. पंपाने आतली हवा खेचून काढायची आणि वायू भरायचा. निऑन भरला की तांबडा उजेड, आरगॉनबरोबर पाऱ्याचा थेंब सोडला की निळा. दोन्ही वायू कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. माझा स्वभाव तसा नाही.

जाळावर बसायचं माझ्या मनात शाळा सुटल्यापासून होतं. "तुझा हात वायूवर बसलाय, तो कशाला मोडायचा?" म्हणत बाबांनी टाळलं. आणि जावईबापूंची नोकरी सुटली, तर लगेच बाबांशेजारी स्टूल! "हळू फुंका हं. शाब्बास!" मला कधी शाब्बास म्हटल्याचं आठवत नाही. त्यात माणूस इतका गोड, की भांडायलाही जागा ठेवत नाही. "ताई, दमलात ना? चहा टाकू?" माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

त्यांची नळी पंपाला लावली की मी मनात म्हणायचे, गळू दे. निऑनमध्ये जराशी हवा शिरली तरी तांबडा रंग फिकट जांभळा पडतो, लपवता येत नाही. पण मेली एकही गळेना.

परवा एका शिंप्याच्या पाटीसाठी दोन कात्र्या करायच्या होत्या. एक बाबांनी वळवली, एक जावयांनी. मी जेवून आले तेव्हा दोन्ही माझ्या टेबलावर होत्या. एकीची मूठ चेपलेली दिसली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वायू भरला, बटण दाबलं. पहिली लालभडक पेटली. चेपलेली आधी बरी वाटली, मग बघता बघता जांभळट झाली.

शिंपी समोरच बसला होता. मी मुद्दाम आवाज चढवला. "जावईबापू, गळतेय हो तुमची कात्री! काच म्हणजे पोरखेळ वाटला का? बाबांची बघा जरा!"

जावयांनी बाबांकडे पाहिलं. "चुकलंच माझं, ताई. लगेच दुसरी करतो."

"ती माझी आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनीच सांगितलं. हल्ली त्यांचा दम पुरत नव्हता. फुंकर मध्येच तुटायची. जावयांना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना शेजारी बसवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला जाळावर बसू दिलं नसतंस." बाबा स्टुलावरून उठले. "जावईबापू, या, बसा इथे."

"ताईंना बसवा ना, बाबा. त्यांचा हक्क आहे."

"गिऱ्हाईक खोळंबलंय. तिला अजून काच धरता येत नाही."

आता ते खरंच होतं.

जावयांनी नवी कात्री वळवली. मी हवा काढली, निऑन भरला, बटण दाबलं. बाबा पाठ करून बसले होते.

"कसा आलाय गं रंग?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"चांगला आलाय," मी म्हणाले. खोटं बोलायची फार इच्छा होती.