गोळी न घेणारी बाई

सुईवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला सरळ विचारलं होतं, हे आधी सांगून टाकते. उगाच त्यांच्या नावाने कुणी खडे फोडू नयेत.

सुया टोचून दुखणी बरी करायचा त्यांचा दवाखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतभर लाकडी खण, खणाखणात मुळ्या, साली, वाळलेली फुलं. आतल्या खोलीत दोन खाटा आणि मध्ये हिरवा पडदा. माझे गुडघे कामातून गेले होते. एकतीस वर्षं इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून लोकांच्या कपड्यांना कडक घड्या घातल्या, त्यात माझ्याच पायांची घडी बिघडली. मला तिथे नेलं आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाईंनी. त्यांचा खांदा तिथे बरा झाला होता आणि रस्त्यात भेटेल त्याला त्या तो फिरवून दाखवत.

सुईवाल्या बाईंनी जीभ बघितली. दोन्ही मनगटांची नाडी बघितली, बराच वेळ, डोळे मिटून. मग कागद पुढे ओढला.

"हृदयाचं काही? रक्त पातळ ठेवायची गोळी? कुठल्याही डॉक्टरचं कुठलंही औषध?"

विहीणबाई शेजारच्या स्टुलावर, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या.

"काही नाही," मी म्हटलं.

"नीट आठवून सांगा. गोळी चालू असेल तर सुईच्या जागी काळंनिळं पडतं. आणि मी काढा देणार आहे. झाडपाल्याचा असला तरी औषधच आहे तो. दुसऱ्या औषधाशी त्याचं पटलं नाही तर जिवावर बेततं."

"अहो, त्यांना काय विचारता!" विहीणबाई हसल्या. "लोखंड आहे ते. जन्मात गोळी घेतली नाही बाईने."

ही फुशारकी मूळची माझीच. चार वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला खोदून खोदून विचारलं होतं, तुमच्यात कुणाला हृदयाचा त्रास? त्यांचा दीर ऐन तिशीत हृदयाने गेलेला. नातवंडांच्या नशिबी दोन्हीकडून तेच यायला नको, म्हणाल्या. तेव्हा मी मान ताठ करून म्हटलं होतं, "आमच्या घराला औषधाच्या दुकानाची पायरी ठाऊक नाही." माझे ठोके चुकायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी एक गोळी आणि महिन्याला रक्ताची तपासणी. गोळ्या बटणांच्या डब्यात, कारण त्यात माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. लेकीला तेवढं माहीत. नवऱ्याला माहीत होतं, पण तो वर जाऊन बसला, तिथून काय बोलणार?

तर मी सुया टोचून घेतल्या. सुई दुखते का म्हणून सगळे विचारतात. केसासारखी बारीक असते, दर वेळी नवी, पाकीट आपल्यासमोर फोडतात. टोचताना डास चावल्याएवढंही नाही. मग आत कुठेतरी जडजड ओढल्यासारखं होतं. सुया टोचून झाल्या की वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. मी आयुष्यात एवढी शांत कधी पडले नव्हते. घरच्यांनी बाईंना हार घातला असता.

काढा मात्र ओल्या गोणपाटासारखा. एक पुडी दोनदा नवं पाणी घालून उकळायची, सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. गुडघे थोडे हलके झाले, खोटं कशाला बोलू? पण आठव्या दिवशी दात घासताना थुंकी लाल. दंडाला टेबलाची कड लागली तर तिथे वांग्याच्या रंगाचा डाग. तपासणीची तारीखही मी टाळली होती, कारण त्याच दिवशी विहीणबाई मला सुयांना घेऊन जायला दारात उभ्या.

लेक भेटायला आली, सहावा महिना, पाय सुजलेले. माझा दंड बघून तिचा चेहरा उतरला.

"आई, तू त्यांना सांगितलं नाहीस ना गोळीचं?"

"सांगेन."

"कधी? तू सांग, नाहीतर मी सांगते."

"सांगून तर बघ! माझं मेलेलं तोंड बघशील. चार वर्षांनी त्यांना कळलं की तुझी आई खोटं बोलली, तर तुला त्या घरात सुखाने जेवू देतील?"

ती गप्प बसली. माझ्याच पोटची, गप्प कसं बसायचं ते माझ्याकडूनच शिकलेली.

सुयांची पाचवी खेप. विहीणबाईंचा खांदा पुन्हा धरला होता, म्हणून पडद्यापलीकडच्या खाटेवर त्या आणि अलीकडे मी. मला गुडघ्यांत, पोटऱ्यांत, पावलांवर आणि दोन्ही हातांच्या अंगठ्याच्या बेचक्यात सुया. "काही वाटलं तर घंटा वाजवा," म्हणून बाईंनी बोटांखाली बटण ठेवलं आणि बाहेर काढे बांधायला गेल्या.

पाचच मिनिटांत नाकातून काहीतरी कोमट सरकलं. सर्दी असेल म्हणून मी ओढून घेतलं, तर घशात लोखंडाची चव. सकाळीही घोळणा फुटला होता आणि अर्धा तास रक्त थांबलं नव्हतं. हात उचलावा तर हातात सुई. उठावं तर गुडघ्यात सुया. घंटा वाजवावी, तर बाई येणार, विचारणार, आणि पडद्यालाही कान असतात. मी गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. वर पांढऱ्या छतावर एक भेग होती, तिच्याकडे बघत मी स्वतःला म्हणत राहिले, पंधरा मिनिटं काढायची आहेत, पंधरा वर्षं नाहीत.

"विहीणबाई, झोपलात का?" पलीकडून आवाज.

"हं."

"तुम्हाला काढा मानवला हो. सूनबाईचे पाय बघवत नाहीत मला. म्हणून परवा तुमच्याकडून निघताना ओट्यावरच्या दोन पुड्या उचलल्या. तुम्हाला सांगायचं राहिलं. आता येतानाच उकळून कपात ओतून ठेवलाय. म्हटलं, कोमट झाला की घे, मी आल्यावर कप रिकामा दिसला पाहिजे."

माझं रक्त गोठलं असं म्हणायची पद्धत आहे. माझं तर गोठायलाच तयार नव्हतं.

"देऊ नका," मी म्हटलं. आवाज घशातल्या रक्तात बुडाला.

"काय म्हणालात?"

"तिला तो देऊ नका! पोटुशी आहे ती!"

"अहो, झाडाची मुळी आहे. तुम्ही पीत नाही का?"

"मी पितेय म्हणूनच सांगतेय! मला नाकातून रक्त येतंय. मी हृदयाची गोळी घेते. रक्त पातळ करायची. सहा वर्षं झाली."

मी बटण दाबलं ते सोडलंच नाही.

बाई धावत आल्या. माझी हनुवटी, मान, उशी बघून त्यांनी सरळ माझ्या हाताच्या सुईला हात घातला.

"आधी त्यांच्या काढा," मी म्हटलं. "त्यांना फोन करू दे."

"तुम्ही गप्प बसा."

"बाई, पाया पडते. माझी लेक तो काढा पितेय तिकडे."

बाईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि पडदा सर्रकन सरकवला. विहीणबाईंच्या हातातल्या दोन सुया निघाल्या, बाकीच्या खांद्यात तशाच, फोन कानाला. मग बाईंनी माझ्या सुया काढल्या, उठवून बसवलं, पुढे वाकवलं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला. "मागे टेकायचं नाही. गिळायचं नाही, थुंका."

फोन वाजत राहिला. विहीणबाईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला होता. सहा वेळा वाजला. सातव्यांदा लेक म्हणाली, "हॅलो?"

"सूनबाई, तो कप! प्यायलीस का तू?"

गप्प.

"अगं बोल ना!"

"रागावू नका, आई. मी नाही प्यायले. कुंडीत ओतला. तुम्हाला सांगणार होते की प्यायले म्हणून."

विहीणबाईंनी फोन उशीवर ठेवला. खांद्यात चार सुया, डोळ्यांत पाणी, आणि माझ्याकडे अशा बघत होत्या जशी मी त्यांच्या घरात चोरी केलीय.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "म्हणजे बैठकीच्या आधीपासून."

मी मान हलवली. नाक बाईंच्या चिमटीत.

"आणि तीही शिकली तेच. तुमच्याकडूनच."

बाईंनी मला झापलं ते जपून झापलं. खरडपट्टी सावकाश, रक्त घाईचं. माझ्या काढ्यातल्या औषधांची नावं एका चिठ्ठीवर उतरवली, उरलेल्या पुड्या पिशवीत घातल्या, आणि म्हणाल्या, "आता सरळ हॉस्पिटल. ही चिठ्ठी डॉक्टरच्या हातात द्यायची. काढा आजपासून बंद. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील, तुम्ही तुमच्या अकलेने बंद करायची नाही. आणि गरोदर बाईला दुसऱ्याची पुडी देणारीला मी काय म्हणू?" विहीणबाईंनी मान खाली घातली. तेवढं मला बरं वाटलं, नाकारत नाही.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. जेवढं पातळ असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. नाकात कापसाच्या वळ्या ठासल्या, हाताला नळी लावली आणि नर्स म्हणाली, दोन दिवस पलंगावरून उतरायचं नाही, बोलायचं तर नाहीच.

विहीणबाई खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. मला वाटलं होतं, निघून जातील. त्या बसल्याच.

"उद्या सूनबाईचं हृदय तपासून घेते," त्या म्हणाल्या. "सगळं. आणि पोटातल्या बाळाचंही काय बघता येतं ते बघते."

चार वर्षं मी ज्याला घाबरत होते ते हेच. मी हात हलवला, घ्या म्हणून.

"रिपोर्ट काय येईल तो येईल. तो मी लपवणार नाही, घरात सगळ्यांना सांगणार. तुमच्यासारखी नाही मी."

मी बोटाने माझ्याकडे दाखवलं. मलाही सांगा.

"तुम्हाला? बघू." त्यांनी पर्समधून लोकरीचं विणकाम काढलं, सुया खटखट वाजायला लागल्या. "तोवर ऐका. बैठकीपासूनचं सगळं बोलायचंय मला, आणि तुम्हाला कुठे जायचं नाहीये."