माणशी सवलत

इदालियाचा हिशेब कधी चुकत नाही, असं मेक्सिकोतलं सगळं काबोर्का गाव म्हणायचं, आणि इदालियाही ते कधी नाकारत नसे. दर जुलैत दोन गाड्या भरून हे कुटुंब सीमेपलीकडे अमेरिकेत फिनिक्सला जायचं. कोण कुठे बसणार, टोर्तिया किती भाजायच्या, बर्फाची पेटी कुणाच्या पायाशी, हे सगळं तीच ठरवायची. सगळ्यांचे पासपोर्टही तिच्याच पर्समध्ये. पुरुषांना बेसबॉल, बायकांना दुकानं, असा घरात तह झालेला होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. नवरा रोसेंदो तर ती सांगेल त्या पेट्रोल पंपावरच लघवीला जायचा.

या वर्षी पहिल्यांदाच सासरेही बरोबर होते. क्रिस्पीन त्यांचं नाव, पण लहानथोर सगळे त्यांना ताता म्हणत. हिवाळ्यात त्यांची बायको गेली आणि तेव्हापासून ते अंगणात खुर्ची टाकून नुसते बसून असायचे. तरुणपणी कापसाच्या मळ्यावरच्या बेसबॉल संघात ते कॅचर होते. म्हाताऱ्याला एकदा मोठ्या मैदानावरचा सामना दाखवू, असं रोसेंदोच्या मनात आलं. इदालिया लगेच हो म्हणाली. तिला म्हाताऱ्याची कीव येत होती, हे खरंच. पण येताना आपल्या बाजूच्या कस्टमवर सामानावरच्या जकातीची सवलत माणशी मिळते, आणि स्वतःसाठी रुमालसुद्धा न घेणारा माणूस गाडीत असला की त्याची अख्खी सवलत इतरांच्या कामी येते, हेही तितकंच खरं. तिने ते लपवलंही नाही.

"ताता, तुम्ही आलात तर एवारिस्तोचा टीव्ही सुटतो बघा," ती हसत म्हणाली. एवारिस्तो म्हणजे धाकटा दीर.

"मग यायलाच हवं," ताता म्हणाले, आणि आत जाऊन दाढी करून आले.

सामन्याच्या दिवशी त्यांनी कमालच केली. मैदानात शिरताच वर बघून ते थबकले.

"हे काय? छप्पर?"

"बाबा, बाहेर भट्टी पेटलीय," रोसेंदो म्हणाला.

"मग आम्ही काय मांडवात खेळायचो? हा बेसबॉल आहे की फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध?"

तिसऱ्या डावापर्यंत मात्र ते खुर्चीवरून उठले होते. "अरे ए! डोळे काय घरी खुंटीला टांगून आलास?" असं ते पंचाला ओरडले, तेव्हा आजूबाजूचे लोक खो खो हसले. त्या रांगांत निम्मे तर त्यांच्याच सोनोरा प्रांतातून आलेले होते. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचा आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. इदालियाला मनापासून बरं वाटलं.

मग दोन दिवस दुकानं. ताता प्रत्येक दुकानाबाहेरच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेऊन बसत. कुणी बस म्हटलं की बसायचे, ऊठ म्हटलं की उठायचे. एवारिस्तोने दाराएवढा टीव्ही घेतला. त्याची बायको नेरेइदा म्हणाली, "आता हा ठेवायला भिंत पण इथूनच विकत घे." निघायच्या सकाळी नेहमीचा सोहळा झाला: सगळ्या कपड्यांची लेबलं कापायची, बुटांची खोकी फेकायची आणि अंगावर नवं चढवायचं, कारण अंगावरचं ते सामान नव्हे. पोरांनी एकावर एक तीन-तीन टी-शर्ट घातले. रोसेंदोसाठी घेतलेले नवे बूट तातांच्या पायात कोंबण्यात आले.

"चावतात गं, पोरी."

"सीमेचं गेट ओलांडेपर्यंतच, ताता. मग काढा."

वाळवंटातल्या तिठ्यावर शेवटचा पेट्रोल पंप लागतो. तिथून सीमेपर्यंत सरळ डांबरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना फक्त निवडुंग. गेट रात्री आठला बंद होतं, त्यामुळे तिथे कुणी रेंगाळत नाही. इदालियाने मात्र दर वर्षीप्रमाणे तिथे गाड्या थांबवून माणसांची आणि पिशव्यांची नवी वाटणी केली. टीव्हीमुळे एवारिस्तोच्या गाडीत माल जास्त आणि डोकी कमी झाली होती.

"ताता, तुम्ही आता एवारिस्तोकडे बसा."

ताता गेले. जागा धरायला त्यांनी सीटवर आपली ताडाच्या पानांची हॅट ठेवली आणि ते पंपामागे लघवीला गेले. परत येतात तो नेरेइदाने टीव्हीचं खोकं सीटवर आडवं घातलेलं.

"ताता, मागे ते तिरकं होत होतं हो. गेटपर्यंत तुम्ही रोसेंदोच्याच गाडीत बसा. तिथे बदलू."

ताता पुन्हा या गाडीकडे आले. इदालिया खिडकीतून पिशव्या आत घेत होती. "ताता, तिकडे सांगितलं ना तुम्हाला!" ती वर न बघताच म्हणाली. ते वळले. दोन्ही गाड्यांच्या काचा काळ्या. दोन्ही गाड्यांत एसी घरघरत होते. एवारिस्तोने हॉर्न वाजवला आणि पुढे काढली. रोसेंदो त्याच्या मागे.

गेट ओलांडून कस्टमवर आल्यावर एवारिस्तोच्या गाडीला लाल दिवा लागला. हिरवा म्हणजे सरळ जा, लाल म्हणजे तपासणी. इदालिया लगबगीने खाली उतरली, कारण अशा वेळी नेरेइदाला बोलू दिलं तर ती नसलेलं सामानही कबूल करेल.

"किती जण?" अधिकाऱ्याने विचारलं.

"चार," इदालियाने पुढे होऊन ठणकावलं. "दीर, जाऊ, त्यांचा मुलगा आणि माझे सासरे. मागे बसलेत."

अधिकाऱ्याने मागचं दार उघडलं. सीटवर टीव्हीचं खोकं होतं. ते घसरू नये म्हणून त्याला पट्टा लावलेला होता, आणि त्याच्यावर तातांची हॅट होती.

"हे तुमचे सासरे?" तो हसून म्हणाला. "बरेच चौकोनी आहेत."

इदालियाही हसली. खरंच हसली, एक क्षणभर. मग तिने नेरेइदाकडे पाहिलं.

"ताता कुठेत?"

"तुमच्या गाडीत ना?"

"आमच्या गाडीत?"

"मी पाठवले की त्यांना परत! म्हटलं, गेटवर बदलू..."

"आणि मी त्यांना..." इदालिया मागे वळलीच. धावत जाऊन तिने स्वतःच्या गाडीचं मागचं दार उघडलं. पिशव्यांत डोकं खुपसून तिची लेक झोपली होती. इदालियाने पिशव्या उचलून उचलून बघितल्या, जणू म्हातारा त्यांच्याखाली सापडणार होता.

"काय झालं?" रोसेंदो म्हणाला. "काय शोधतेस?"

"तुझे बाबा."

रोसेंदोने तिच्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. पोरीला त्याने नेरेइदाकडे दिलं आणि गाडी वळवली.

अमेरिकेच्या खिडकीवरचा अधिकारी चिडलाच. "आत्ताच तर गेलात! आणि गेट बंद व्हायला आलंय."

इदालियाने पर्समधून सगळे पासपोर्ट उपसले आणि तातांचा त्याच्यासमोर धरला. "माझे सासरे मागे राहिले. तिठ्यावर. फोन नाही, हॅट नाही, आणि हा बघा, हासुद्धा माझ्याकडे आहे."

"किती वेळ झाला?"

बोटांवर जग मोजणाऱ्या त्या बाईला ते सांगता आलं नाही. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता हात हलवून गाडी सोडली.

रस्ताभर ती मनाशी म्हणत राहिली: पंपावर दुकान आहे, दुकानात गारवा आहे, ताता बाकावर बसले असतील. दोन दिवस बाकावरच तर बसवलं आपण त्यांना. रोसेंदो गाडी पळवत होता. तिने एकदा "रोसेंदो" म्हणून हाक मारली, पण त्याने रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवर नुसती खरखर होती.

दुकानात बाक होता. बाकावर कुणी नव्हतं.

"म्हातारे ना?" गल्ल्यावरची बाई म्हणाली. "उघड्या डोक्याने? खूप वेळ दारात उभे होते. मी म्हटलं, आत बसा, येतील तुमचे लोक. पाण्याची बाटली दिली. तर गेले चालत."

"कुठे?"

"सीमेकडे. तुम्ही आलात त्याच रस्त्याने."

त्याच रस्त्याने. म्हणजे आपण त्यांच्या बाजूने गेलो. एवढ्या उघड्या माळावर चालणारा माणूस दिसला नाही, म्हणजे तो चालत नव्हता. इदालियाने ते मोठ्याने म्हटलं नाही, पण रोसेंदोलाही कळलंच असावं, कारण त्याचे ओठ पांढरे पडले.

आता ते बैलगाडीच्या चालीने परत निघाले. काचा खाली केलेल्या. सूर्य डोंगराआड गेला होता, तरी बाहेरून तंदुरासारखी धग येत होती. बराच वेळ काही नाही. आणि मग इदालिया किंचाळली.

रस्त्याच्या कडेला बूट होते. नवे, तपकिरी, एकमेकांना चिकटून, देवळाबाहेर काढून ठेवावेत तसे.

ती गाडी थांबायच्या आतच उतरली. काटे टोचत होते, ते तिला कळत नव्हतं. एका काटेरी झाडाच्या विरळ सावलीत ताता बसले होते. पाय पसरलेले, मोज्यांना रक्त लागलेलं, चेहरा विटेसारखा लाल. रिकामी बाटली छातीशी धरलेली. डोळे उघडे होते, पण ते कुठे बघताहेत हे समजत नव्हतं.

"ताता! ताता, मी इदालिया!"

रोसेंदोने गुडघ्यावर बसून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, तोंडात थेंब थेंब सोडलं. खूप वेळाने त्यांच्या घशातून आवाज आला.

"लाल लागला का?"

"काय, ताता?"

"दिवा. लाल लागला का हिरवा?"

इदालियाला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण ते नीट बोलत होते, फक्त जीभ कोरडी होती.

"एक डोकं कमी पडणार म्हटल्यावर टीव्ही धरतील, वाटलं मला. म्हणून म्हटलं, गेट बंद व्हायच्या आत चालत पोचता येतंय का बघू. नाही झालं गं." त्यांनी डोळे मिटले. "त्याच्यासाठी तर आणलं होतं मला. रागावू नकोस."

इदालिया तिथेच काट्यांत खाली बसली. रागावू नकोस. तिला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तिने त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि ती लहान पोरासारखी हमसून हमसून रडू लागली. रोसेंदोने तिला गप्प केलं नाही. त्याने बापाच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि जवळजवळ उचलूनच रस्त्यापर्यंत आणलं.

"तिठ्यावर दवाखाना आहे," तो म्हणाला. "आधी तिथे. टीव्ही गेला खड्ड्यात."

गाडीजवळ आल्यावर ताता थांबले. उघड्या दाराला हात लावून त्यांनी मान वळवली आणि इदालियाकडे पाहिलं, आज्ञेची वाट बघणाऱ्या मुलासारखं.

"मी कुठल्या गाडीत बसू, पोरी?"

त्या रस्त्यावर एकच गाडी उभी होती.