ताडपत्रीखाली काढलेला उन्हाळा

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. मुरुडला रेवणप्पांच्या अंगणात राहते. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. इतकी वर्षं त्यांना रोज तिथं नेणं-आणणं माझ्याकडंच होतं. त्यांची लेक अक्षरा चाकाच्या खुर्चीत असते. तिच्यासाठी त्यांनी माझी मागची सीट काढून लोखंडी फळी बसवली. दर गुरुवारी खुर्ची त्या फळीवरून आत येई आणि आम्ही लातूरला तिच्या पायांच्या व्यायामासाठी जात असू.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्षरा उदगीरला मामाकडं गेली आणि रेवणप्पांनी एक जुनी, खडखडणारी मोपेड घरी आणली. दुसऱ्याच दिवशी ते तिच्यावर बसून दुकानाला गेले. माझ्यावर ताडपत्री पडली. माझ्या मनात पाल चुकचुकली. मग त्यांनी बॅटरीची तार सोडवली. माझा संशय वाढला. एका रविवारी तर त्यांनी मला घासून-पुसून धुतलं. देवणीच्या बाजारात न्यायच्या आधी बैल असाच धुतात, हे मला ठाऊक होतं. ती मोपेडही मला बघून मनात हसत असेल, असं वाटे.

अखेर जुन्या गाड्या मोडीत घेणारा भीमाशंकर आला. त्यानं ताडपत्री उचलली, माझा पत्रा वाजवून पाहिला.

"अप्पा, उभीच हाय की ही. देऊन टाका."

मी सगळी आशा सोडली.

"उभी न्हाई, राखून ठेवलीय," रेवणप्पा म्हणाले. "रोज पळवली तर लवकर संपंल. मग लेकीची खुर्ची कशात चढवू?"

त्यांची बायको शिवकांता पाणी घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "त्या मोपेडवर तुमची पाठ लई दुखती."

"दुखती. पण चोळली की बरी होती. इंजिन चोळून बरं होतंय का?"

भीमाशंकर पाणी पिऊन निघून गेला.

शाळा सुरू होण्याआधी अक्षरा परतली. गुरुवारी तार जोडली आणि पहिल्याच किल्लीला मी सुरू झाले. लातूरच्या रस्त्यावर रेवणप्पा एका हातानं कंबर दाबत होते. मी जमेल तितकी अलगद धावले.

मित्रांनो, जपून ठेवलेलं आणि टाकून दिलेलं, दोन्ही ताडपत्रीखाली सारखंच दिसतं. तुम्ही कुणाला जपण्यासाठी बाजूला बसवलंत, तर तसं त्याला एकदा सांगा.