सूर्यभानची पहिली ओळ

मंगळवारी सकाळी कुकरच्या दांड्याला हात लावला तर तो थरथरत होता, वाफ मनगटाला चटकत होती, आणि शिट्टी मात्र ऐकू येत नव्हती. मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. दिवाळीपासून ज्याची धास्ती पोटात घेऊन फिरत होते, ते झालं होतं.

मी नीलांबरी, जन्मांध. डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. उरलेल्या एका कानावर एकेचाळीस वर्षं काढली. संगमनेरला दूध संघाच्या ऑफिसात फोन घेतले, आणि कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर इतक्या वेगात ऐकला की डोळसांना तो चिमण्यांचा कलकलाट वाटायचा. दिवाळीत तोही कान मंदावला. डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, कुठवर टिकेल सांगता येत नाही. घरी मी अवाक्षर काढलं नाही. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. आंधळी बहिरी झाली की तिच्या कोण राखतो, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

माझा नवरा सूर्यभान शेजारच्या अकोले तालुक्यातला. दुधाचा टेम्पो चालवायचा, तिसाव्या वर्षी काचबिंदूने डोळे गेले. ब्रेल शिकायला कधी बसला नाही. त्या सकाळी तो मागून काहीतरी बोलला असणार आणि मी उत्तर दिलं नसणार, कारण त्याचे हात मला शोधत आले. मी म्हणाले, "मला ऐकू येत नाही." माझंच वाक्य मला ऐकू आलं नाही. ते तोंडातून निघालं की नाही, हेही कळलं नाही. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्याने माझा तळहात उघडला आणि बोटाने काहीतरी गिरवू लागला. अक्षरं असणार, डोळे असताना शाळेत शिकलेली. पण ती मला येत नाहीत. माझी अक्षरं म्हणजे सहा ठिपके, आणि ती त्याला येत नाहीत. अकरा वर्षांच्या संसारात हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण दोघांच्याही तोंडाचा पट्टा सतत चालू. तो पुन्हा पुन्हा तेच गिरवत होता. शेवटी मी हात ओढून घेतला.

शेजारच्या मोनिकाने रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. इंजेक्शन टोचलं ते कळलं. डॉक्टरांनी सूर्यभानला काय सांगितलं, ते नाही. निघताना कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे काही चांगलं लक्षण नव्हे.

तीन दिवस मी पलंगाच्या कडेला बसून काढले. बोलणं सोडलं. आपण कुजबुजतोय की गल्ली गोळा करतोय, हे ज्याला कळत नाही त्याने गप्प बसावं, असा माझा ताठा. मोनिकाने ताट हातात दिलं की जेवायचे. दार उघडलं की वारा लागायचा, पण आत कोण आलं ते समजायचं नाही. खांद्याला हात लागला की दचकायचे.

कपाटात एक खोकं होतं. अंधशाळेतला माझा सोबती गोरक्षनाथ पाथर्डीला असतो. कानाचं त्याला एकट्याला सांगितलं होतं. त्याने संक्रांतीला एसटीच्या पार्सलने आपला जुना ब्रेल डिस्प्ले धाडला. तो कॉम्प्युटरला जोडला की स्क्रीनवरची ओळ ठिपक्यांनी उठते, बोटाने वाचायची. आमचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, जगभरची माणसं हौसेने मिळून तो लिहितात, आणि त्यात मराठी ब्रेल नीट चालावं म्हणून गोरक्षनाथ वर्षानुवर्षं त्यांच्याशी पत्रापत्री करत होता. मी त्याची टर उडवायचे. ठिपके म्हातारपणी चाचपू, म्हणायचे, माझा कान खणखणीत आहे. खोकं मी उघडलंच नव्हतं. उघडणं म्हणजे कान जाणार हे कबूल करणं.

शुक्रवारी दुपारी उघडलं. वायर जोडली, ठिपक्यांच्या पट्टीवरून बोट फिरवलं. सपाट. एकही ठिपका वर आला नाही. जुनं यंत्र असलं की स्क्रीन रीडरला यादीतून त्याचं नाव निवडून द्यावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. पण यादी वाचून दाखवणारा आवाज आता मला नव्हे, सूर्यभानला ऐकू येत होता.

सूर्यभानला शेजारी ओढून बसवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं ते यंत्राचं नाव त्याला दोनदा सांगायला. "मी बटणं दाबते, तू ऐक. हे नाव आलं की माझं मनगट दाब." सेटिंगपर्यंतची वाट बोटांना पाठ होती. पुढे खाली जाणारं बटण एकेकदा दाबायचं आणि थांबायचं. त्याचा हात माझ्या मनगटावर नुसता ठेवलेला, घामेजलेला. यादी कुठे संपते हे मला कळणार नव्हतं. बाराव्या नावानंतर वाटलं, येऊन गेलं, या बाबाला इंग्रजी समजलंच नाही, आणि आता जन्मभर हे असंच. तेवढ्यात त्याने मनगट करकचून दाबलं.

एंटर दाबला आणि बोटाखाली ठिपके पटापट वर आले. ब्रेल इंग्रजीवरून मराठीवर मीच नेलं, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखी. मग कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवला. टायपिंग मीच त्याला शिकवलं होतं, येता-जाता हिणवत. मला वाटलं, डॉक्टर काय म्हणाले ते लिहील. तेच वाचायची भीती होती आणि तेच हवं होतं. तो एकेक बटण शोधत होता. मी एकेक अक्षर जुळवत गेले.

"तू घरात हायेस का न्हाई, मला कळत न्हाई. तीन दिस लई भ्या वाटतंय. बोल."

मी ओळ दोनदा वाचली. आंधळ्याची बायको गप्प बसली की त्याच्यापुरती ती घरातून गेलेलीच असते, हे मला, जन्माच्या आंधळीला, तीन दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता आणि तो रडत होता. मी बोलू लागले. काय बोलले ते आठवत नाही, त्यातलं काहीच मला ऐकू आलं नाही. त्याचा खांदा हलायचा थांबेपर्यंत मी बोलत राहिले.