भुतासाठी पुसलेला रंग

"अख्ख्या अमेरिकेत सव्हानाइतकं झपाटलेलं शहर नाही, आणि सव्हानात माझ्याइतकं झपाटलेलं घर नाही," हॉलिस दाजी म्हणाले आणि त्यांनी समोरच्या बाईंच्या ताटात आणखी एक बिस्कीट टाकलं. "न्यू ऑर्लिन्सचं मला सांगू नका. तिथे लोक इतकी ढोसतात की त्यांना स्वतःची बायकोसुद्धा तरंगताना दिसते. सेलममध्ये भुतं कमी आणि चेटकिणींच्या टोप्यांची दुकानं जास्त. गेटिसबर्गची भुतं तर सगळी परगावची. लढायला आली आणि राहिली. त्यांना काय त्या गावाची म्हणायचं?"

"आणि चार्ल्सटन?" बाईंनी विचारलं.

बाई चार्ल्सटनच्याच होत्या. दाजींनी चहाचा घोट उगाच लांबवला.

"चार्ल्सटनची भुतं फार सभ्य. दार वाजवल्याशिवाय आत येत नाहीत म्हणे."

"वाजवायलाच हवं," मिसेस प्रेलो म्हणाल्या.

"आमच्याकडे तसलं काही नाही. माझ्या घरात आजवर एकाही पाहुण्याला रात्रभर झोप लागलेली नाही."

एवढ्यात जिन्यावरून ओहायोचा एक पाइपविक्या उतरला. रात्री वरच्या खोलीत उतरला होता. त्याने दोन्ही हात वर करून आळस दिला. "मिस्टर टुटन, लग्न झाल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. ती गादी कुठून घेतलीत?"

मिसेस प्रेलोंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

हॉलिस टुटन म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. वडिलोपार्जित घरात पाहुणे ठेवतो. घरात कॅप्टन अमोसचं भूत आहे. हा कॅप्टन दाजींच्या पणजोबांच्याही आधीचा, पीतज्वराने गेला. त्याची झुलती खुर्ची दिवाणखान्यात आपोआप हलते. आपोआप म्हणजे जिन्याखालच्या अडगळीत बसून मी मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीने ती ओढतो.

दर वर्षी एक मासिक झपाटलेल्या शहरांची क्रमवारी लावतं. सव्हाना, न्यू ऑर्लिन्स, चार्ल्सटन, सेलम, सेंट ऑगस्टिन ही मंडळी आपसांतच वरखाली होत असतात. पद्धत अशी की एका शहराचा परीक्षक दुसऱ्या शहरात जातो, तिथल्यांनी निवडून दिलेल्या घरात एक दुपार बसतो आणि गुण देतो. दुपारच, कारण परीक्षक सगळे सत्तरीच्या पुढचे, दिवेलागणीला पेंगायला लागतात. यंदा भुतांच्या सहली काढणाऱ्या आमच्या गाइड लोकांनी टुटनांचं घर निवडलं. दाजींच्या बडबडीला कंटाळून निवडलं असं माझं मत. परीक्षक म्हणून आल्या त्या या मिसेस प्रेलो, आणि परीक्षेच्या आदल्या सकाळी दाजींनी त्यांना न्याहारीला बोलावलं होतं.

पण दाजींचा जीव त्यात अडकला होता. अर्धं घर त्यांच्या बहिणीच्या, मर्टलच्या नावावर. मर्टल दातांची डॉक्टर. तिने स्वच्छ सांगितलं होतं, "दादा, या परीक्षेत नापास झालास तर भुताच्या सहली तुझ्या दारावरून जायच्या बंद होणार. मग पाहुणे कुठले? मी दिवाणखान्यात दवाखाना काढते." दिवाणखाना मोजायला ती टेप घेऊनच आली होती.

परीक्षा रविवारी चर्च सुटल्यावर. शनिवारी दुपारभर दाजी आणि मी दोरीचा सराव करत होतो. संध्याकाळी दाजी पाय मोकळे करायला बाहेर ओसरीवर गेले आणि तिथेच थिजले.

दाजींची इडेला आत्या शिडीवरून उतरत होती. हातात ब्रश होता. ओसरीचं छत निळंशार झालं होतं.

हा रंग आमच्याकडे कुणालाही कळतो. भूत पाणी ओलांडत नाही. छत निळं दिसलं की त्याला पाणी वाटतं आणि ते उंबऱ्यावरून परत फिरतं.

"आत्या, हे काय केलंस?" दाजींचा आवाज चिरकला.

"घर राखलं," आत्या म्हणाली. "तू सगळ्या गावाला सांगत सुटलास, आमच्याकडे भूत येतं, या बघायला. असं बोलावू नये रे. बोलावलं की येतात. मी या घरात साठ वर्षं सुखाने झोपत्येय."

"हे बाहेर कुणाला बोलू नकोस," दाजी म्हणाले.

"काय?"

"सुखाने झोपतेस ते."

रविवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये आणि दाजी शिडीवर. दुकानं बंद, पांढरा रंग मिळेना, म्हणून टर्पेंटाइनमध्ये चिंध्या बुडवून ते निळा रंग पुसत होते. निळे ओघळ त्यांच्या कोपरांवरून आत बनियनमध्ये चालले होते. मी शिडी धरली होती.

"दाजी, एक विचारू? भूत आहे कुठे? खुर्ची तर मी हलवतो."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"ड्यूई, घरात भूत नसणं वेगळं आणि त्याने येऊच नये अशी तजवीज करून ठेवणं वेगळं. ती बाई चार्ल्सटनची आहे. निळं छत बघितलं की म्हणेल, यांनी तर दाराला कुलूप घातलंय. जरा डावीकडे घे शिडी."

आत्या चर्चहून आली. वर बघितलं. छताची लाकडं सोललेल्या बटाट्यासारखी उघडी पडली होती. ती आरामात खुर्चीत बसून शेंगा सोलायला लागली.

मिसेस प्रेलो आल्या. दाजींनी त्यांना पोटभर कोळंबी, मक्याची लापशी आणि साखरेचा पाक झालेला गार चहा दिला आणि दिवाणखान्यात सोफ्यावर नेऊन बसवलं. मी अडगळीत केरसुण्यांच्या मधोमध, दाराच्या फटीला डोळा लावून. दाजी खोकले की ओढायचं, असं ठरलेलं.

"या सोफ्याची स्प्रिंग टोचते," बाई म्हणाल्या, उठल्या आणि सरळ कॅप्टनच्या झुलत्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दाजी घाबरून खोकले. मी ओढलं. बाईंचं वजन चांगलं खात्यापित्या घरचं. दोरी पहिल्याच हिसक्याला तुटली आणि मी मागच्या मागे बादल्यांवर पडलो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"कॅप्टन," दाजी म्हणाले.

"कॅप्टन बादलीत राहतात?"

"ते जहाजावरचे. त्यांना भांड्यांची सवय."

मग सगळं शांत झालं. खिडकीत पंखा फिरत होता. कोळंबी आपलं काम करत होती. थोड्या वेळाने बाईंची मान खाली गेली, पण पायाचा अंगठा जमिनीवरच होता आणि तो झोपेतच रेटा देत राहिला. खुर्ची हलायला लागली. पुढे, मागे, पुढे, मागे. अगदी पाळण्यासारखी. दाजी समोर बसून अडगळीकडे बघत मला अंगठा दाखवत होते. वाहवा, चालू ठेव. मी आतून नाही नाही म्हणून मान हलवत होतो, पण फटीतून मान दिसत नाही.

बाई घोरल्या. कॉलर ओली होईपर्यंत घोरल्या. चर्चची संध्याकाळची घंटा वाजली तशा दचकून जाग्या झाल्या. त्यांनी टोपी सरळ केली आणि तोंड पुसलं.

"मिस्टर टुटन, मी दुपारी कधी झोपत नाही."

"अर्थात," दाजी म्हणाले.

"प्रेलो घराण्यातली कुठलीही बाई परक्यासमोर झोपलेली नाही. आणि घोरण्याचा तर प्रश्नच येत नाही."

"मी ऐकलंच नाही."

"म्हणजे मला कुणीतरी धरून ठेवलं होतं. कुणीतरी ही खुर्ची झुलवत होतं आणि माझी शुद्ध हरपली होती. तुम्हाला दुसरं काही सुचतंय का?"

दाजींनी जोरजोरात नकाराची मान हलवली. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि त्या लगबगीने गेल्या.

दाजींनी अडगळीचं दार उघडून मला मिठीच मारली. "काय हलवलीस रे ड्यूई. दोन अडीच तास, एकसारखी. मी तुला उगाच आळशी म्हणतो."

"दाजी, दोरी पहिल्याच हिसक्याला तुटली होती." मी तुटकं टोक त्यांच्या हातात दिलं.

दाजींनी ते टोक बघितलं. मग खुर्ची बघितली.

"बाईंचा अंगठा होता," मी म्हणालो. "मी फटीतून बघितला. झोपेत रेटत होत्या."

"चार्ल्सटनची बाई लोकांसमोर पाय हलवेल?" दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा लापशीसारखा झाला होता. ते ओसरीवर गेले आणि वर सोललेल्या छताकडे बघत उभे राहिले.

"मी म्हटलं होतं," आत्या शेंगांतून मान वर न करता म्हणाली. "कडी होती ती. स्वतःच्या हाताने काढलीस."

यंदा सव्हाना पहिलं आलं, चार्ल्सटन तिसरं. सहली आता टुटनांच्या दारात थांबूनच पुढे जातात. मर्टलने दवाखान्यासाठी चौकापलीकडे जागा घेतली. घर राहिलं. खोल्या ऑक्टोबरपर्यंत भरलेल्या आहेत.

फक्त दाजींना त्यात झोप लागत नाही. पाहुणे डाराडूर झोपतात आणि सकाळी तक्रार करतात की काही दिसलं नाही. दाजी मात्र अंथरुणावर पडले की त्यांना खुर्ची करकरल्यासारखी वाटते. मी त्यांना अंगठ्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं. स्वतः त्या खुर्चीत झोपून, अंगठा रेटून दाखवलं. त्याने तर ते आणखीच बिथरले. खाली जातात, खुर्ची बघतात, वर येतात, परत खाली जातात. एकदा गाडीत झोपायला गेले, तर सहलीवाल्यांनी काचेतून त्यांचे फोटो काढले.

"मग लाव ना रंग परत," माझी बहीण वैतागून म्हणाली. "माझीही झोप घालवलीस."

"लावला आणि तो गेला तर?" दाजी म्हणाले. "मग मर्टल टेप घेऊन आलीच समज."

"आणि नाही लावला तर?"

"तर मी असाच."

आत्याकडे गेले, तर तिने रंगाचा उरलेला डबा खाटेखाली सरकवला. "मला लागेल," म्हणाली.

गेल्या शुक्रवारी रात्री मिलवॉकीहून आलेल्या एक बाई इस्त्रीत पाणी भरायला खोलीबाहेर आल्या. दाजी पांढऱ्या सदऱ्यात जिना उतरत होते. बाईंना ते कॅप्टनच वाटले; त्यांनी हातातली इस्त्री फेकली. दाजींचं गळ्याजवळचं हाड मोडलं.