दुसरा भोंगा

तीस जानेवारी म्हनलं की समदी मानसं मान खाली घालून हात जोडत्यात. मी मात्र त्या दिवशी कान झाकून बसते. गांधीबाबांनी माझं काय वाकडं केलं न्हाई, बिचारे! जे काय केलं ते माझ्या ह्या मेल्या जिभेनं केलं. माझी आई म्हनायचीच, मंजुळे, तुझ्या जिभेला हाड न्हाई, एक दिवस कुनाचं तरी वाटोळं करशील.

सत्तावन्न सालची गोष्ट हाय. मी तवा तळवड्यासनं कासारवाडीला कामाला जायची, रेल्वेच्या फाटकापाशी एक कारखाना व्हता तितं. औषधाच्या बाटल्या धुयाच्या आन् वाफेत घालून काढायच्या, हेच दिवसभर. आमी पंचवीस बाया, बाकी गडी, साठेक मानसं असू. वाफ यायची बॉयलरातनं, आन् तो सांभाळायचे चाकणचे चांदभाई. पन्नाशी उलटलेला मानूस, बोलायला मऊ, आन् बॉयलरच्या सर्टिफिकीटाची फ्रेम करून भिंतीला लावलेली. कारखान्याचा भोंगा बी वाफेवरचाच, म्हनून त्याची साखळी चांदभाईंच्याच हातात. सकाळचा, जेवनाचा, सुटीचा, समदे भोंगे तेच वाजवायचे.

आमा बायांचे भाकरीचे डबे आमी त्येंच्याकडं नेऊन द्यायचो. बॉयलरच्या अंगाला ते डबे मांडून ठेवायचे, दुपारपत्तूर भाकरी कशी तव्यावरनं काढल्यागत ऊन राहायची. डबा द्यायला गेले की मी जरा टेकायची, चार गोष्टी करायची. तितंच त्यांनी मला बॉयलरची काच दाखवली व्हती. हातभर उभी काचेची नळी, तिच्यात आतलं पानी दिसायचं. म्हनले, "मंजुळाबाई, ह्या काचंत पानी दिसतंय तवर आपन समदे जिते. पानी काचंखाली गेलं की बॉयलर आतनं लाल व्हतो, आन् मग फुटतो. कारखाना बी ऱ्हात न्हाई आन् आपन बी न्हाई."

"आन् मग वरनं पानी सोडायचं की घाईघाईनं," मी म्हनले.

"अल्ला! तसं कदी करू नगा. तापल्या तव्यावर पानी वतल्यावानी व्हईल. आदी भट्टीतला इस्तू भाईर वडायचा."

मी कशाला करतीया तसं? पन ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

तर तीस जानेवारीला अकरा वाजता भोंगा व्हायचा. यंत्रांचे पट्टे बंद, नळ बंद, समद्यांनी आवारात येऊन रांगा करून उभं ऱ्हायचं. दोन मिनिटं कुनी हलायचं न्हाई, खोकायचं सुदीक न्हाई. मग दुसरा भोंगा झाला की परत कामाला. दोन्ही भोंगे वाजवायचे चांदभाईच, मधली दोन मिनिटं बी तेच मोजायचे, म्हनून ते बॉयलरखोलीतच असायचे. आता सांगा, भोंगा वाजवनारा मानूस रांगेत कसा उभा ऱ्हानार? शेंबड्या पोराला बी कळंल.

पन छप्पन साली, दुसरा भोंगा झाल्यावर, आमी चहाला बसलो व्हतो. थंडी मरनाची पडलेली. मी आपली थट्टेत म्हनले, "आमी रांगेत कुडकुडत व्हतो, आन् चांदभाई बघा, आत मस्त शेकत बसले व्हते!" समद्या हसल्या. चांदभाई बी हसले. एक रंगराव तेवढे हसले न्हाईत. रंगराव आमचे टाइमकीपर, हजेरी मांडायचे. काडी घालायची खोडच त्या मानसाला.

"खरंच की," ते म्हनले. "चांदभाईंना कधी उभं राहिलेलं कुणी पाहिलंय का?"

मी तितंच त्येंना झापलं. "अवो रंगराव, डोकं ठिकाणावर हाय का? भोंगा काय तुमी वाजवनार?" पन उचलली जीभ लावली टाळ्याला, मी पयल्यांदा बोलून बसले व्हते, आता निस्तरायचं कसं? बोलनं पान्याच्या टाकीपाशी गेलं, सायकलींच्या छपरात गेलं. जाता जाता त्याला शेपूट फुटलं. त्याला कशाला दुखवटा वाटंल, असं कुनीतरी म्हनलं. तो मुद्दामच बसतो आत, असं दुसऱ्यानं म्हनलं. दिवाळीपत्तूर निम्म्या बायांनी त्येंच्याकडं डबे द्यायचं बंद केलं. एक दिवस त्येंच्या सायकलचं टायर कुनीतरी सुरीनं फाडलं. चाकणपत्तूर मानूस सायकल ढकलत गेला. दुसऱ्या दिवशी मी इचारलं तर म्हनले, "काटा गेला असंल." सुरीचा काटा व्हय!

तर सत्तावन्नची तीस जानेवारी उजाडली. साडेधाला मी डबा घेऊन गेले आन् दारातच थबकले. चांदभाई पांढरा धुतलेला सदरा घालून, डोक्याला टोपी घालून उभे. त्या कोळशाच्या खोलीत!

"ह्ये काय? लगीन हाय का कुनाचं?"

"आज म्या भाईर उभा ऱ्हानार हाय, मंजुळाबाई. रांगेत."

माझी नजर काचंवर गेली. पानी तळाला दोन बोटं व्हतं. एरवी निम्मी नळी भरलेली असायची. कोपऱ्यात पंप खडखड करत चालला व्हता, मधीच दम खात व्हता.

"पानी का वो येवढं खाली?"

"पंप सकाळधरनं नखरे करतोय. बंद पडला की एक टोला हानायचा, परत चालतो. नजर ठिवावी लागती."

"आन् तुमी भाईर जानार?"

"दोन मिनिटं तर हायेत. साहेबांच्या हातात घड्याळ असतंय. त्यांनी मान वर केली की म्या पळत येतो आन् दुसरा भोंगा देतो."

माज्या मनात पाल चुकचुकली. पन खरं सांगते, मला जरा बरं बी वाटलं. म्हनले, उभं राहूदे एकदा, रंगरावाचं थोबाड बंद व्हईल, माज्या जिवाची टोचनी बी जाईल. सोताच्या सोयीचं मानसाला लवकर पटतं बघा. मी डबा ठेवला आन् गेले.

अकराला भोंगा झाला. आमी रांगा केल्या. चांदभाई पळतच आले, मागं कडंला उभे ऱ्हायला लागले. तर रंगरावांनी त्येंच्या दंडाला धरून म्होरल्या रांगेत, अगदी मधी नेऊन उभं केलं. "या, या, पुढं या. सगळ्यांना दिसू दे." मी तिसऱ्या रांगेत. म्होरं आमचे साहेब, यशवंतराव, हात जोडून, डोळे मिटून उभे. बॉयलरखोलीच्या भिंतीला ऊन व्हतं म्हनून आमच्या बायांतली कौसल्या तितं टेकली व्हती. सातवा महिना लागलेला तिला.

येवढ्या मोठ्या कारखान्यात कदी नसती अशी शांतता पडली. त्या शांततेत पंपाचा आवाज यायला लागला. खडखड, खडखड. कुनाचं ध्यान नसंल, माजं समदं ध्यान तिकडंच. मी मनात आकडे मोजाय लागले. साठ झाले. नव्वद झाले. एकशे दहाला खडखड जरा रेंगाळली, आन् थांबली.

थांबली ती थांबलीच. चांदभाईंची मान मला मागनं दिसत व्हती. त्येंनी ऐकलं व्हतं. जानेवारीच्या थंडीत त्येंच्या मानंवरनं घाम वघळून सदऱ्यात शिरत व्हता.

एकशे वीस झाले. आता साहेब मान वर करतील. साहेबांनी मान वर केली न्हाई. दीडशे झाले. मग माज्या डोक्यात लख्ख परकाश पडला. साहेब घड्याळ बघतच नव्हते! ते डोळे मिटून दुसऱ्या भोंग्याची वाट बघत व्हते. साठ मानसं दुसऱ्या भोंग्याची वाट बघत व्हती. आन् भोंगा वाजवनारा रांगेत उभा, साहेबांची वाट बघत. भोंग्याबिगर हलायचं न्हाई, आन् हलल्याबिगर भोंगा न्हाई. पयल्यांदा हलनार कोन? आन् चांदभाईंनी हलायचं म्हंजे? वर्सभर जे ऐकलं व्हतं ते ऐकून?

दोनशे झाले. कुनीतरी पाय बदलला, रंगरावांनी डोळे वटारले. मी हळूच म्हनले, "चांदभाई." त्येंचा कान हलला, मानूस न्हाई हलला. अडीचशे. ती दोन बोटं पानी आता कितीक असंल? काचंत असंल का? कौसल्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभी व्हती, एक हात पोटावर. त्या भिंतीच्या पलीकडं बॉयलर. माजी पाचावर धारण बसली. पळून जावं वाटत व्हतं, फाटकाभाईर, रुळाच्या पलीकडं, तळवड्यापत्तूर. माजी दोन पोरं घरला. देवा, मला हितनं काढ, असं मी मनात म्हनले. मला, म्हनले. समद्यांना न्हाई म्हनले. खोटं कशाला सांगू?

तीनशे झाले आन् मला ऱ्हावलं न्हाई. मी वरडले, "चांदभाई, पंप बंद पडलाय!"

साठ माना वळल्या. चांदभाई बी वळले. पन त्येंनी माज्याकडं बघितलं न्हाई. खोलीकडं बी बघितलं न्हाई. त्येंनी रंगरावाकडं बघितलं. वीस वर्सं बॉयलर सांभाळलेला मानूस, बॉयलर फुटायला आलेला, आन् तो एका हजेरी मांडनाऱ्याला डोळ्यांनी इचारत व्हता, जाऊ का?

रंगराव दात चावून म्हनले, "शांत उभे रहा!"

आन् ते उभे ऱ्हायले वो! उभे ऱ्हायले!

मग माजं टकुरं फिरलं. मी रांग मोडून म्होरं गेले, त्येंच्या सदऱ्याची बाही धरली आन् हिसका दिला. "जा की मुडद्या! समद्यांना मारायचंय का?" मोठ्या मानसाला मी मुडद्या म्हनले. तवा कुटं ते भानावर आले आन् पळाले. मी कौसल्येकडं धावले, तिला हाताला धरून वडत फाटकाकडं नेली. "सरका भिंतीपासनं! बॉयलर फुटंल!" मी बोंबलत व्हते. शप्पत सांगते, निम्मी मानसं तरीबी हलली न्हाईत. दुसरा भोंगा झाला नव्हता ना.

आतनं लोखंडाचा आवाज येत व्हता. इस्तू भाईर वडायची सळई लई लांब आन् जड असती, दोन मानसांचं काम. ते एकटे वडत व्हते. लाल निखारे उंबऱ्यापत्तूर आले, धूर आला. आन् मग भोंगा झाला. पन तो थांबंचना. चांदभाईंनी साखळी खाली बांधून टाकली व्हती, आतली वाफ भाईर जावी म्हनून. किती येळ तो वरडत व्हता कुनास ठावं. कासारवाडीची मानसं फाटकापाशी गोळा झाली. आवाज बारीक बारीक होत गेला आन् मग बंद पडला. बॉयलर फुटला न्हाई.

मी आत गेले. काच कोरडी ठाक व्हती. चांदभाई जमिनीवर बसले व्हते, दोन्ही तळहातांची सालटी लोंबत व्हती. पांढरा सदरा काळा झालेला. मी रडायलाच लागले.

दुपारी साहेबांनी बोलावलं. चांदभाई, मी, आन् हजेरीचं बुक काखेत मारून रंगराव.

"चांदभाई," साहेब म्हनले, "तुम्ही इतके जुने. बॉयलर सोडून गेलातच कसे?"

मी तोंड उघडलं. सांगनार व्हते समदं. चहाचं, डब्यांचं, टायरचं, 'शांत उभे रहा'चं. चांदभाईंनी हात वर केला, फडकं गुंडाळलेला हात, मला गप करायला.

"इसरलो, साहेब," ते म्हनले. "पंपाचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. वय झालं."

रंगरावांनी खाली मान घातली. लाज वाटली का हायसं वाटलं, त्याचं त्याला म्हाईत. साहेब म्हनले, इसरनाऱ्या मानसाच्या हातात बॉयलर देता येत न्हाई. उद्यापास्नं नवा मानूस येईल, तुमी आवारात कोळसा उतरवायला जा. चांदभाई "जी" म्हनले.

भाईर आल्यावर मी त्येंना आडवी गेले. "खोटं का बोललात? मी जाती परत आत. समदं माज्यामुळं झालंय, मी सांगती साहेबांना!"

"नगा, मंजुळाबाई," ते म्हनले. आन् हसले, खरंखुरं हसले. वर्सभरात तसे हसलेले मी बघितले नव्हते. "लई बरं झालं बघा. आता भोंग्याचं काम माज्याकडं न्हाई. दर साली मधी उभा ऱ्हाईन. समद्यांना दिसंन."

मानूस सुटल्यावानी बोलत व्हता, आन् माज्या अंगावर सरसरून काटा आला. बॉयलरची सुदीक मला येवढी भीती वाटली नव्हती.