चिंचेवरच्या गोचिडी आणि आल्याचा चहा

मी एक जुना, रुंद तोंडाचा थर्मास आहे. मित्रांनो, माझा धर्म साधा: गार ते गार ठेवायचं, गरम ते गरम. आत काय भरायचं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या साऱ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे.

माझं आयुष्य पुण्याच्या विषाणू-प्रयोगशाळेतल्या मंगल मॅडमच्या खांद्यावर गेलं. समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत गोचिडी असतात आणि त्या गोचिडींत विषाणू, हे मॅडमना ठाऊक होतं. आपल्याकडच्या पाणपक्ष्यांचं काय, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून १९९८च्या पावसाळ्यात आम्ही डिंगोरे गावात, भिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या दारच्या चिंचेखाली उभे राहिलो. वर पाणकावळ्यांची चाळीस घरटी, पिल्लांसकट.

भिमाजींच्या हातात कुऱ्हाड होती. "सुनेला आठ दिस ताप हाय मॅडम. ह्या पाखरांनीच आणलाय. झाड पाडतो."

"गोचिडी तपासून सांगते. तोवर थांबा."

"आमुशेपत्तुर थांबतो. म्होरं नाय."

मॅडम स्वतः झाडावर चढल्या. सालीच्या फटींतल्या गोचिडी चिमट्याने नळ्यांत घातल्या, नळ्या माझ्या बर्फात. गार पोचल्या तरच तपासणी, असं त्यांनी भिमाजींना दोनदा बजावलं. चुलीपाशी सांगायचं राहिलं.

मॅडम हात धुवायला गेल्या आणि भिमाजींच्या पत्नी लंकाबाईंनी मला उघडलं. "आगं बया! बाईमाणूस यष्टीनं पुण्याला जायचं, आन् थर्मासात चहा नाय? गाव काय म्हनंल!"

बर्फ कोंबड्यांच्या पाण्यात गेला. नळ्या औषधाच्या असतील म्हणून त्यांनी हलवल्या नाहीत. वरून उकळता चहा ओतला. आलं घालून.

प्रयोगशाळेत झाकण उघडलं तेव्हा वाफ निघाली. चार तासांनी! इतकं चोख काम मी कधी केलं नव्हतं, आणि इतक्या शिव्याही कधी खाल्ल्या नव्हत्या. पुन्हा जायच्या परवानगीचा कागद टेबलाटेबलावर विसावा घेत फिरला. अमावास्या मात्र वेळेवर आली.

आम्ही पोचलो तेव्हा चिंच आडवी होती. सुनेचा ताप त्याआधीच दवाखान्यातल्या गोळ्यांनी उतरला होता. पिल्लांचं विचारायचं मॅडमना धाडस झालं नाही. लाकडं घराच्या मागच्या भिंतीला, खुराड्याला लागून रचली होती. सालीतल्या उपाशी गोचिडींनी आता कोंबड्या धरल्या होत्या. या खेपेला मॅडमना झाडावर चढावं लागलं नाही.

त्यांनी मला पोटाशी घट्ट धरलं. लंकाबाई हळूच जवळ आल्या. "मॅडम, मागल्या टायमाला साखर कमी पडली व्हती का? काय कळवलं नाय तुमी."

मित्रांनो, एवढंच मागणं. कुणाच्या थर्मासात माया ओतण्याआधी आत काय आहे ते विचारा. आणि झाड पाडण्याआधी त्याचे भाडेकरू उद्या कुणाच्या घरी राहायला येतील, तेही.